स्पीकर नसलेला रेडिओ

आमच्या ह्यांना ऐकू येईनासं झालंय हे त्यांच्या सख्ख्या भावाला सांगायचं नाही, अशी ह्यांनी मला गळ्याची शपथ घातली होती. आणि तो सख्खा भाऊ, म्हणजे माझे धाकटे दीर, कायमचे लेकीकडे दूरदेशी जायच्या विचारात आहेत हे आमच्या ह्यांना सांगायचं नाही, अशी भाऊजींनीही घातली होती. दोघांना गुपितं ठेवायला माझंच पोट सापडलं. मी पडदे शिवते म्हणून काय जगातलं सगळं मीच झाकून ठेवायचं?

पियानो सुरात लावायचं काम ह्यांचं. सासरेही तेच करायचे. घराच्या मागच्या खोलीत कुणाकुणाचे उघडे पियानो, तारांची भेंडोळी, लोकरीच्या हातोड्या, आणि पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी घाबरलेच होते. सासरे सूर तपासायचा नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी न्यायचे आणि त्यासरशी सगळं घर जागच्या जागी थिजायचं. सासूबाईंच्या हातातलं पातेलं अर्ध्यात. भाऊजी तेव्हा कॉलेजात. ते तोंडात घास घेऊन गाल फुगवून तसेच बसलेले. मला वाटलं, कुणी गेलंय की काय! मग कळलं, या घरात ज्याच्या कानाशी काही आहे त्याच्याशी बोलायचं नाही. आग लागली तरी आधी त्याच्या खांद्याला हात लावायचा, त्यानं मान वर केली की मग आग सांगायची. भाऊजींच्या तोंडाची टकळी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कशानंही बंद झाली नाही. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. खाली खड्ड्यात उभं राहून चौथ्या मजल्यावरच्या बाईशी गप्पा मारणारा माणूस तो.

त्यांची बायको गेली आणि घर खायला उठलं. लेक तिकडून सारखी म्हणायची, बाबा, इकडेच या, बाळाला आजोबा हवेत. एका दुपारी ते माझ्याकडे आले, कापायच्या टेबलावरचं पडद्याचं दुसरं टोक न सांगता धरलं आणि म्हणाले, "वहिनी, मला जायचं नाहीये."

"मग नका जाऊ. कुणी बांधून नेतंय का?"

"तसं नाही. इथं राहायचं तर कुणीतरी राहा म्हणायला हवं ना. मी दादाला विचारणार आहे. तो नुसतं 'राहा' म्हणाला की संपलं."

"आत्ता विचारा. आहेत मागे."

"आत्ता नको. चालायला गेलो की. आणि तुम्ही आधी काही बोलायचं नाही हं. तुमच्या सांगण्यावरून तो राहा म्हणाला, असं नको मला."

चालायला म्हणजे डोंगराच्या धारेवरून जाणारी ती लांब वाट. पाठीवर बिऱ्हाड घेऊन, कुठे तंबूत, कुठे वाटेवरच्या झोपडीत मुक्काम करत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोघं भाऊ मिसरूड फुटल्यापासून ती चालणार होते. आधी नोकऱ्या, मग पोरंबाळं, मग आजारपणं. आता एकदाचं ठरलं होतं.

ह्यांचंही डोकं तसंच. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "गर्दीत, गोंगाटात ह्यांना शब्द कळणार नाहीत. पण शांत जागी, जवळून, समोर पाहून बोललं तर अजून पुष्कळ ऐकू येतं. हेही हळूहळू जाईल. तेव्हा बोलून घ्या, आणि कानाचं मशीन बसवा." मशीन म्हटल्यावर ह्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. ज्या माणसाच्या कानावर गावभरच्या पियानोंनी भरवसा ठेवला, त्यानं कानात मशीन घालून कुणाच्या दारात उभं राहायचं? सूर लावायची कामं हे केव्हाच टाळायला लागले होते. बोटं दुखतात म्हणायचे आणि नुसत्या तारा बदलून द्यायचे.

"भाऊजींना तरी सांगा," मी म्हटलं.

"डोंगरात सांगतो. तिथं निवांत असतं. आधी कळलं तर मला नेणारच नाही तो. मागून हाक मारली आणि ऐकू आली नाही तर, म्हणून."

म्हणजे दोघांनाही तिथंच, एकमेकांशीच बोलायचं होतं. मी म्हटलं, चला, बरं झालं. काही दिवस तोंड दाबून बसू, डोंगर काय ते बघून घेईल.

आता आली रेडिओची खरेदी. त्या वाटेवर फोन लागत नाही. हवेचा अंदाज सकाळ-संध्याकाळ रेडिओवर सांगतात, तो ऐकायचा आणि मग धार चढायची की खाली थांबायचं ते ठरवायचं. भाऊजींना मात्र वजनाचं वेड लागलेलं. त्यांनी दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीनं कापली होती. टॉवेल अर्धा केला होता. पायमोजे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून, जड निघालेला जोड माझ्या अंगणात टाकून दिला होता. तोच काटा पिशवीत घालून ते रेडिओच्या दुकानात आले. मी घरी राहीन तर शपथ. मी आपणहून मागे लागले.

दुकान बोळासारखं अरुंद. काउंटरमागे एक बाई, सर्दीनं नाक लाल झालेली, गळ्यात मफलर. तिनं काचेवर चार रेडिओ मांडले. भाऊजींनी शेजारी काटा मांडला. बाईनं एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, "चालू द्या."

पहिला हातानं मूठ फिरवून चालणारा होता. सेल लागत नाही, म्हणून भाऊजी खूश. काट्यावर ठेवला आणि तोंड पडलं. "वीट आहे ही वहिनी, वीट." दुसऱ्याला पुढे गोल जाळी, दणदणीत स्पीकर, वर लांबलचक एरियल. तिसरा चार्जिंगचा. डोंगरात प्लग कुठे शोधणार, म्हणून तो आपोआप बाद. चौथा काड्यापेटीएवढा. त्याला स्पीकरच नाही, एक इयरफोन आणि एक सेल, बस.

मी दुसऱ्यावर हात ठेवला. "हा घ्या. मध्ये ठेवलात की दोघांना ऐकू येईल."

"वजन बघा की!" भाऊजी.

"दोन बिस्किटं कमी न्या."

ह्यांनी तो जाळीवाला उचलला आणि आवाज पुरा वाढवला. दुकानात शिरणारा एक म्हातारा दारातूनच मागे फिरला. बाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. ह्यांनी डोकं तिरकं केलं, डोळे मिटले, आणि निवाडा दिला, "बसका आहे. दम नाही आवाजात."

भाऊजींनी मान डोलावली. दादाचा कान म्हणजे त्यांना कोर्टाचा निकाल. "दादा म्हणतो बसका, तर बसकाच."

मग ह्यांनी तो काड्यापेटीएवढा घेतला, इयरफोन कानात खुपसला, आणि अंगठ्यानं चक्री फिरवायला लागले. भाऊजी 'सेल कोणता चांगला' असं विचारत होते, ते वाक्याच्या मध्येच थांबले. ओठांवर बोट ठेवून बाईलाही गप्प केलं. मग पाय न वाजवता दुकानाच्या टोकाला सेलांच्या फळीपाशी गेले.

ह्यांचा चेहरा अगदी प्रसन्न. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. "हाच," हे म्हणाले. "स्वच्छ. खरखर नावाला नाही."

बाई काउंटरवरून पुढे झुकली आणि माझ्याच कानाशी पुटपुटली, "अहो, त्यात अजून सेल घातलेला नाही."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. शहाणी होती. तिनं ह्यांच्या हातून रेडिओ हळूच घेतला, पुसल्यासारखं केलं, मागचं झाकण काढून सेल सरकवला आणि काही न बोलता डबीत घालून दिला. भाऊजी परत आले, काट्यावर डबी ठेवली आणि लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले.

रस्त्यात भाऊजी पुढे निघून गेल्यावर मी ह्यांची बाही ओढली. समोर उभी राहून, तोंड नीट उघडून म्हटलं, "रिकाम्या डबीत काय ऐकलंत तुम्ही?"

हे वरमले. पण क्षणभरच. "अगं, दिवसाकाठी दोनदा हवेची बातमी. इयरफोन असला की तो मागणार नाही ऐकायला."

"आणि पाऊस यायचा असला तर?"

"ढग दिसतात मला. डोळे शाबूत आहेत."

"बोलणार आहात ना त्यांच्याशी?"

"म्हटलं ना, वर गेल्यावर."

गेले एकदाचे. मी इकडे एका हॉटेलाचे पडदे शिवत बसले. मधूनमधून वाटायचं, आत्ता बोलले असतील. आत्ता भाऊजींनी विचारलं असेल, आणि हे म्हणाले असतील, वेड्या, जातोस कुठे, आमच्या माडीवरची खोली रिकामी आहे. मी ती खोली झाडूनही घेतली. खिडकीला उरलेल्या कापडाचा पडदा लावला.

परत आले ते करपून, वाळून. हे सरळ अंघोळीला गेले. भाऊजी स्वयंपाकघरात बसले, मी चहा ठेवला.

"हवा कशी होती?"

"काय सांगू! रेडिओवाल्यांचा इतका चुकीचा अंदाज मी जन्मात पाहिला नाही. दादा सांगायचा, उद्या निरभ्र. दुसऱ्या दिवशी धो धो. दादा म्हणायचा, आज वादळ, इथंच थांबू. आणि लख्ख ऊन! तंबूत वाफ होऊन पडलो आम्ही. तक्रार करायला हवी त्यांच्याकडे."

मी हसले. मग विचारलं, "आणि ते? विचारलंत?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. "कधी विचारणार? दादाच्या कानात सकाळपासून रेडिओ."

"दिवसभर?"

"पहिल्या चढापासून. मला वाटायचं, आता काढेल, मग काढेल. मी मागून चालतोय, ओठांवर शब्द आहेत, आणि त्याच्या कानात ते. कसं बोलू वहिनी? आपल्या घरात…" ते थांबले. "मुक्कामाला काढायचा, पण पाठ टेकली की घोरायलाच लागायचा. मी गप्प राहायला शिकलो. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण शिकलो. शेवटी म्हटलं, त्याला माझ्याशी बोलायचं असतं तर त्यानं काढला असता."

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. "मग?"

"शेवटच्या गावात फोन लागला. लेकीचाच आला होता. हो म्हटलं तिला. पोर आनंदानं रडायलाच लागली. जावयानं तिकडे खोली रंगवायला घेतलीय."

माझं डोकं फिरलं. शपथ गेली खड्ड्यात. हे टॉवेलनं डोकं पुसत दारात आले, आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहून ओरडले. ह्यांना ऐकू जावं म्हणून ओरडले आणि रागानंही ओरडले. "अहो भाऊजी, ह्यांना ऐकू येत नाही! वर्ष झालं! त्या डबीतून काय ऐकणार, कपाळ? आणि तुम्ही! हे भाऊजी इथं राहायचं विचारायला तुमच्यामागे डोंगर चढले, तुम्ही एकदा मान वळवली नाहीत! आता लेकीला कायमचं येतो म्हणून बसलेत, तिकडे त्यांची खोलीसुद्धा रंगतेय!"

शेजारच्यांच्या खिडक्या उघडल्या असतील. उघडू देत.

मग भाऊजी अगदी हळू म्हणाले, "दादा, मला कशाला नाही सांगितलंस?" ह्यांना ते कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी तेच वाक्य ओठ हलवून सांगितलं. आणि त्या वेळी भाऊजींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला पाहवलं नाही.

हे खुर्चीत बसले. "सांगणारच होतो. पण सकाळच्या बातमीचं सोंग करून ते पहिल्या चढाला कानात तसंच राहिलं, आणि पहिल्याच दिवशी तू गप्प. दुसऱ्या दिवशी गप्प. तू, आणि गप्प! मला वाटलं, याला कळलंय सगळं. दुकानातच कळलं असणार. आता दया येतेय माझी म्हणून बोलत नाही. मग मी ते कानातून काढलंच नाही. काढलं असतं तर तू काहीतरी गोड बोलला असतास, आणि ते मला सोसलं नसतं."

"मी तुझ्या कानात रेडिओ होता म्हणून गप्प होतो रे!"

तेही मी पुन्हा ओठांनी सांगितलं. ह्यांनी ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, शांत जागी, जवळून बोलून घ्या? त्या डोंगराइतकी शांत जागा आता कुठून आणायची होती? आणि जवळ तर असे होते दोघं, की एकाच्या पावलावर दुसऱ्याचं पाऊल.

भाऊजी उठून ह्यांच्यासमोर उकिडवे बसले. मोठ्यानं म्हणाले, "दादा, राहू का?"

एवढं मात्र ह्यांना समजलं. पहिल्या फटक्यात समजलं. त्यांचे ओठ हलले, आणि मला वाटलं, म्हणतायत आता. पण हे म्हणाले, "पोरीला हो म्हणालास ना?"

"म्हणालो."

"मग नको विचारूस मला. तिकडे खोली रंगतेय. तिचा हिरमोड करून तू इथं राहिलास तर रोज तुझं तोंड बघून मला तेच आठवेल. आधी विचारलं असतंस तर गळ्यात पडून राहा म्हणालो असतो." मग भावाच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकून त्यांनी ते खसाखसा पुसलं, लहानपणी पुसत असतील तसं. "जा आता."

भाऊजी जाईपर्यंतच्या दिवसांत ह्यांनी मुकाट्यानं मशीन बसवून घेतलं. दोन्ही कानांत. आरशात पाहून म्हणाले, "बरं दिसतंय की." मशीनमधून माझ्या कात्रीचा आवाज ऐकून दचकायचे. भाऊजींच्या डोळ्यांत ते मशीन पाहून पाणी आलं. मीही म्हटलं, उशिरा का होईना, सुचलं.

निघायच्या दिवशी आम्ही मोठ्या बस स्टँडवर गेलो. तिथून विमानतळाची गाडी सुटते. भाऊजींच्या दोन बॅगा, आणि आता वजनाचं काही नाही. लेकीसाठी मी शिवलेले जाड पडदे त्यांनी दाबून दाबून भरले होते. गाडीला वेळ होता. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, जरा आम्ही दोघंच बसू का?"

"बसा की," मी म्हटलं, आणि पार लांब, खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांच्या आयुष्यातलं एक बोलणं राहिलं होतं, ते त्यांचं त्यांना करू द्यावं.

लांबून मला दिसत होतं. बाकावर दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. भाऊजींचं तोंड जे सुटलं ते थांबेचना. हात हलत होते. एकदा हसले, एकदा डोळे पुसले, एकदा नुसतं जमिनीकडे बघत बोलत राहिले. आमचे हे मान डोलावत होते. मध्येच भाऊजींच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो शेवटपर्यंत काढला नाही. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झालं बाई एकदाचं. गाडी आली, भाऊजी चढले, आणि खिडकीतून हसत गेले. इतके हलके झालेले मी त्यांना बायको गेल्यापासून पाहिले नव्हते.

घरी आल्यावर ह्यांनी कानांतलं मशीन काढून शिलाई मशीनवर ठेवलं. माझ्याकडे वळून विचारलं, "काय गं म्हणत होता तो?"

"म्हणजे?"

"गाड्यांची घरघर सगळी आत शिरत होती. भोंगे, लोकांचा कालवा. एक शब्द कळला नाही मला."

"अहो, मग सांगायचं नाही का त्यांना? बाहेर गेला असतात! कुठेतरी कोपऱ्यात!"

"इतक्या वर्षांचं बोलत होता तो. त्याला मध्येच कसा तोडू?" हे म्हणाले. "तू ऐकलं असशील ना पण?"

मी ऐकलं नव्हतं. मी शहाण्यासारखी लांब उभी होते.

परवा भाऊजींचा फोन आला. मी बाळाचं विचारलं, पडदे बसले का विचारलं, आणि मग सहज विचारल्यासारखं म्हटलं, "त्या दिवशी स्टँडवर काय बोलत होतात हो एवढं?"

"ते ना? ते दादाला माहीत आहे वहिनी," भाऊजी हसून म्हणाले. "सगळं सांगून मोकळा झालो मी. एकदाच बोलता येतं तसलं. आणि त्यानं किती शांतपणे ऐकून घेतलं!"

हे मागच्या खोलीतून दारात आले होते. भुवया उंचावून त्यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी फोन ठेवला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तोंड नीट उघडलं आणि म्हटलं, "काही नाही. बरे आहेत."